ब्रुअर्स, फिलीज की डॉजर्स? सप्टेंबरअखेर भरवसा कुणावर ठेवावा

सप्टेंबर संपत आला की बेसबॉलवेड्यांमध्ये एकच वाद रंगतो: यंदाचा खरा दावेदार कोण? १६२ सामन्यांचा तक्ता डोळ्यांसमोर असतो, तरी एकमत म्हणून होत नाही. २०२५ साली अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या दोन गटांपैकी एका, नॅशनल लीगमध्ये हा वाद मुख्यतः तिघांभोवती फिरला: ९७ विजयांचे मिलवॉकी ब्रुअर्स, ९६ विजयांचे फिलाडेल्फिया फिलीज आणि ९३ वर थांबलेले लॉस एंजेलिस डॉजर्स. हा खेळ नव्याने पाहू लागलेल्या आणि कुणाची बाजू घ्यायची ते ठरवणाऱ्याने हे तिघे शेजारी ठेवून बघावेत. माझं मत आधीच सांगतो: तक्ता बाजूला ठेवा आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, बघा. तेही त्या आठवड्यात ज्यांचे खांदे धड आहेत, तेच.

याचं कारण खेळाच्या वेळापत्रकात आहे. हंगामात जवळजवळ रोज सामना असतो, म्हणून सामना सुरू करायला पाच-सहा पिचर आळीपाळीने लागतात. हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्ले-ऑफमध्ये, मधे सुट्टीचे दिवस मिळतात आणि तीन-चार जणांवर भागतं. चौथ्या-पाचव्या पिचरच्या बळावर साठवलेले विजय मग कामी येत नाहीत. २०२३ मध्ये १०४ विजयांचे अटलांटा ब्रेव्ज आणि १०० विजयांचे डॉजर्स आपली पहिलीच मालिका हरले. वर्ल्ड सीरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोचले ९० विजयांचे टेक्सास रेंजर्स आणि ८४ विजयांचे ॲरिझोना डायमंडबॅक्स.

तक्त्यावर भरवसा ठेवणाऱ्यासाठी ब्रुअर्सपेक्षा चांगला संघ नव्हता. सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक विजय, ऑगस्टमध्ये सलग १४ सामने जिंकण्याचा पराक्रम आणि हंगामात डॉजर्सशी झालेले सहाच्या सहा सामने खिशात. व्यवस्थापक पॅट मर्फींच्या या संघात एकाही फलंदाजाने ३० होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले नव्हते; ख्रिश्चन येलिचचे २९ हेच सर्वाधिक. धावत बेस गाठणं, चिवटपणे बेसवर टिकणं, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा फायदा उठवणं, यावर त्यांचा डाव उभा होता. मला ही शैली मनापासून आवडते. पण ती चालते समोरचा पिचर चुकतो तेव्हा. त्यात शस्त्रक्रियेनंतर परतून उत्तम खेळणारा ब्रॅन्डन वुड्रफ सप्टेंबरमध्ये पुन्हा जायबंदी झाला आणि फ्रेडी पेराल्टावरचा भार वाढला.

फिलीजकडे फलंदाजीचा दरारा होता. काइल श्वार्बरचे ५६ होम रन, सोबत ब्रायस हार्पर आणि ट्रे टर्नर. शेवटची इनिंग सांभाळायला जुलैत पिचर जोआन दुरान आणलेला. मात्र त्यांचा सर्वांत मोठा पिचर झॅक व्हीलर ऑगस्टमध्ये रक्ताच्या गुठळीमुळे हंगामाबाहेर गेला. क्रिस्तोफर सांचेझने जागा समर्थपणे भरली, पण सांचेझसोबत व्हीलर असणं वेगळं आणि व्हीलरऐवजी सांचेझ असणं वेगळं.

डॉजर्सचं चित्र वरवर पाहता तिघांत सगळ्यांत खराब. पहिल्या दोन विभागविजेत्यांना थेट दुसऱ्या फेरीत जागा मिळते. ती ब्रुअर्स आणि फिलीजनी पटकावली, त्यामुळे विभाग जिंकूनही डॉजर्सना तीन सामन्यांची वाइल्ड कार्ड ही पहिली फेरी खेळावी लागली. त्यांचं बुलपेन, म्हणजे सामन्यात मधेच उतरणारे बदली पिचर, तर त्यांच्याच चाहत्यांना धडकी भरवणारं. ६ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये त्यांचा पिचर योशिनोबू यामामोटो शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) न देता खेळत होता. तिथे एक होम रन गेला, बुलपेनच्या हाती सामना आला आणि ३-० ची आघाडी ४-३ च्या पराभवात बदलली. हे पाहून अनेकांनी डॉजर्सवर फुली मारली, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पण त्याच आठवड्यांत दुसरी गोष्ट घडत होती. खांद्याच्या दुखापतीने चार महिने बाहेर असलेला ब्लेक स्नेल परतला होता, दुसरा पिचर टायलर ग्लासनाऊ परतला होता, ५५ होम रन मारणारा ओहतानी पुन्हा पिचिंगसाठी पूर्ण लयीत येत होता आणि रोकी सासाकी बुलपेनमध्ये दाखल झाला होता. यामामोटो तर वर्षभर ठणठणीत होताच. दुखऱ्या बुलपेनपर्यंत चेंडू जाऊच न देणारे चार जण एकाच वेळी तयार, असं भाग्य क्वचित कुणाला लाभतं.

पुढे डॉजर्सच वर्ल्ड सीरीज जिंकले. वाटेत त्यांच्याकडून फिलीज १-३ हरले. ब्रुअर्सना चार सामन्यांत मिळून चारच धावा करता आल्या: स्नेलच्या आठ इनिंगमध्ये शून्य, यामामोटोचा संपूर्ण सामना आणि शेवटी ओहतानीचे सहा इनिंगचे पिचिंग व तीन होम रन.

तरीही हे गणित बिनचूक समजू नका. फिलीजची मालिका अकराव्या इनिंगमध्ये त्यांचाच पिचर कर्करिंगच्या एका चुकीच्या थ्रोवर संपली. वर्ल्ड सीरीजच्या टोरोंटोमधल्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला डॉजर्स पराभवापासून दोन बादांवर होते, तेव्हा त्यांच्या मिगेल रोहासने बरोबरी साधणारा होम रन मारला. (आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती, त्याच दिवशी नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. क्रीडाप्रेमींना असा दिवस पुन्हा मिळणं कठीण.)

तेव्हा विजेता ओळखण्यात रस असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायबंदींची यादी उघडा आणि प्रत्येक संघाचे पहिले तीन पिचर मोजा. फिलाडेल्फियालगतच्या दक्षिण न्यू जर्सीत घर असेल तर फिलीज निवडा. मैदान जवळ आहे आणि तिथला प्रेक्षक जीव ओतून खेळ बघतो. आणि एप्रिलपासून रोज सोबत करणारा संघ हवा असेल, तर माझा कौल ब्रुअर्सना. १९८२ मध्ये एकदाच ते वर्ल्ड सीरीजला पोचले आणि सातव्या सामन्यात हरले. पहिल्या विजेतेपदाची वाट पाहणाऱ्यांत सामील व्हायला अजून जागा आहे.