आवळ्याभोपळ्याची मोट : ऑझफेस्टच्या बँडनिवडीचे परीक्षण

२००४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत फिरलेल्या ऑझफेस्ट या हेवी मेटल महोत्सवात नॉर्वेचा डिमू बॉर्गिर हा ब्लॅक मेटल बँड मुख्य स्टेजवर लखलखीत उजेडात वाजवत असे. प्रेतासारखे पांढरे-काळे रंगवलेले चेहरे, खिळे ठोकलेले चामड्याचे पोशाख, की-बोर्डवरून उभा केलेला वाद्यवृंदाचा आभास, असा काळोखासाठीच घडवलेला सगळा थाट, आणि समोर ऊन चुकवत, तिकिटावरचा क्रमांक पाहत आपली खुर्ची शोधणारी माणसे. त्याच स्टेजवर पुढे स्लेयर, मग ज्युडास प्रीस्ट आणि शेवटी ब्लॅक सॅबाथ येत असत. एका तिकिटात एवढे सगळे मिळत असताना तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटेल; तरीही या फिरत्या महोत्सवाने ग्राहकाला नेमके काय विकले, हे पाहायचे असेल तर त्याच्या जाहिरातीतील मोठ्या अक्षरांतली नावे सोडून खालच्या ओळी वाचाव्या लागतात.

ऑझफेस्टचा जन्मच एका नकारातून झाला. पेरी फॅरेल यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लोलापलूझा या फिरत्या महोत्सवात ब्लॅक सॅबाथचे मूळ गायक ऑझी ऑझबर्न यांना स्थान मिळावे, असा त्यांच्या पत्नी आणि व्यवस्थापक शॅरन यांचा प्रयत्न होता. तो धुडकावला गेला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये या दांपत्याने ॲरिझोना व कॅलिफोर्निया येथे दोन दिवसांचा स्वतःचा महोत्सव भरवला. गंमत अशी, की त्याच वर्षी लोलापलूझाने मेटालिकाला शिरोभागी बसवले. म्हणजे हेवी मेटल त्यांना अगदीच वर्ज्य नव्हते, ऑझी तेवढे नको होते. लोलापलूझाची सरमिसळ मात्र घोषित होती: तेथे येणाऱ्याला रॅप, इंडस्ट्रियल आणि गिटारवाले रॉक एकाच दिवशी ऐकायला मिळणार, हे ठाऊक असे. ऑझफेस्टने 'मेटल' अशी एकच पाटी लावली आणि त्या पाटीखाली जे काही मोठ्या आवाजात वाजते ते सारे भरले. विजोडपणाचे मूळ मला तेथे दिसते.

पहिल्या एकदोन वर्षांत ही पाटी खरी होती. १९९६ मध्ये ऑझींसोबत स्लेयर, डँझिग, सेपल्टुरा आणि बायोहझार्ड होते. १९९७ मध्ये ऑझी, टोनी आयोमी आणि गीझर बटलर ब्लॅक सॅबाथ म्हणून पुन्हा एकत्र उभे राहिले आणि त्यांच्याआधी पँटेरा, टाइप ओ निगेटिव्ह, फिअर फॅक्टरी, मशीन हेड असे बँड वाजले. यातील कोणाचीही गिटार ऐकली तरी तिचा धागा सॅबाथचे गिटारवादक आयोमी यांच्या जड, संथ रिफपर्यंत, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यापर्यंत, सहज मागे नेता येतो. मॅरिलिन मॅन्सन तेवढा वेगळा. पण ऑझींची १९८० च्या दशकातील धक्कादायक प्रतिमा आठवली तर तो या घराण्याचाच वारस ठरतो. न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियमच्या चालकांनी त्याला त्या वर्षीच्या यादीतून काढण्याचा हट्ट धरला होता आणि प्रकरण न्यायालयात गेले, तेथे आयोजकांची सरशी झाली. आपल्या यादीसाठी भांडणारा आयोजक ही चांगली गोष्ट आहे, आणि ती गुणपत्रिकेत नोंदवायला हवी.

१९९८ पासून मोट बांधायला सुरुवात झाली. त्या वर्षीच्या मुख्य स्टेजवर ऑझी, टूल, मेगाडेथ, लिंप बिझकिट, सोलफ्लाय, सेव्हनडस्ट आणि कोल चेंबर अशी नावे होती. लिंप बिझकिटने स्टेजवर एक अवाढव्य शौचकूप उभारले होते आणि त्यातून बाहेर पडत ते आपला सेट सुरू करत. त्याच स्टेजवर मेगाडेथ आपल्या काटेकोर, घासून पुसून तयार केलेल्या थ्रॅशसह, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलसह, येणार आणि त्यांच्यानंतर टूल, ज्यांची गाणी आठ-दहा मिनिटे हळूहळू चढत जातात आणि ज्यांना श्रोत्याकडून शांतपणाची अपेक्षा असते. शौचकूप पाहून खिदळलेल्या श्रोत्याने दीड-दोन तासांत ध्यानाला बसावे, असा हा बेत होता. असे असूनही मला १९९८ चे वर्ष आवडते, कारण येथे प्रत्येक बँड आपल्या जागी ठाम आहे आणि एकाने दुसऱ्याला झाकलेले नाही. दुसऱ्या स्टेजवर तर मोटरहेड, मेल्व्हिन्स, इन्क्युबस आणि तेव्हा फारसे कोणाला माहीत नसलेले सिस्टम ऑफ अ डाउन होते. मोटरहेडला मुख्य स्टेज न मिळणे मात्र मला आजही खटकते.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे झालेल्या एक दिवसाच्या ऑझफेस्टमध्ये कॉर्न हा बँड आयत्या वेळी गळाला आणि त्याच्या जागी फू फायटर्स आले. गुणगुणता येतील अशा चालींचा हा बँड पँटेरा आणि स्लेयर यांच्या दिवशी! हा विजोडपणा अपघाताने घडला, म्हणून तो क्षम्य आहे. ठरवून केलेल्या विजोडपणाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आता ज्यामुळे हे सारे बिघडते त्या रचनेकडे येतो, कारण बँडनिवडीवरच्या बहुतेक टीकेत ती सुटून जाते. हा महोत्सव बहुतेक गावी मोठ्या ॲम्फिथिएटरमध्ये होत असे. तेथे पुढच्या भागावर छप्पर आणि त्याखाली क्रमांकाच्या खुर्च्या, मागे उतरत्या हिरवळीची मोकळी जागा, आणि दुसरे स्टेज बाहेर वाहनतळाच्या डांबरावर किंवा कुठल्यातरी कडेच्या मोकळ्या जागेत. खुर्च्यांची तिकिटे महाग. ती घेणारा श्रोता वयाने मोठा, सॅबाथसाठी आलेला आणि सायंकाळी उशिरा येणारा. हिरवळीवरची तिकिटे स्वस्त. ती घेणारी पोरे सकाळपासून हजर, डांबरावर मॉश पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या धक्काबुक्कीच्या नाचात, घाम गाळून थकलेली. त्यामुळे मुख्य स्टेजवरील पहिल्या तीन-चार बँडना ज्यांच्यासाठी बोलावले होते, ते लोक त्यांच्यापासून सर्वांत लांब बसत. समोरच्या रांगांत मात्र रिकाम्या खुर्च्या असत, किंवा हे काय चालले आहे अशा चेहऱ्याने पाहणारे लोक. बँड कितीही चांगला असो, त्याची आणि त्याच्या श्रोत्याची भेटच होत नसेल तर निवडीचा उपयोग काय? डिमू बॉर्गिरचे तेच झाले. २००४ मध्ये तरुणांचा लाडका स्लिपनॉट बाहेरच्या दुसऱ्या स्टेजवर शिरोभागी होता, आणि ज्यांना डिमू बॉर्गिर आवडू शकला असता, ती मंडळी त्याच स्टेजपुढे आपली सगळी शक्ती संपवून आत येत.

वीस-पंचवीस मिनिटांचे सेट ही दुसरी अडचण. हार्डकोर किंवा डेथ मेटल बँड तेवढ्या वेळात सहा-सात गाणी वाजवून मोकळा होतो, आणि त्याला ते शोभतेही. वातावरण उभे करणाऱ्या बँडला मात्र तेवढ्या वेळात दार उघडून आत बोलावण्यापुरतीच सवड मिळते. एकाच मापाचा सदरा सगळ्यांना घालायला दिल्यावर काहींच्या अंगात तो नीट बसणार नाही, हे उघड आहे.

मला सर्वांत खालचा क्रम द्यावासा वाटतो तो २००१ च्या यादीला. ब्लॅक सॅबाथ, मॅरिलिन मॅन्सन आणि स्लिपनॉट यांच्या खाली पापा रोच, लिंकिन पार्क, डिस्टर्ब्ड आणि क्रेझी टाउन. यातला शेवटचा बँड त्याच वर्षी एका मवाळ प्रेमगीतामुळे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला होता, आणि त्याला या स्टेजवर उभे करणे म्हणजे श्रोत्यांच्या हाती बाटल्या देऊन नेम धरायला सांगण्यासारखे होते. लिंकिन पार्कविषयी मला आकस नाही. चेस्टर बेनिंग्टन यांचा गळा कोणत्याही स्टेजवर उभा राहिला असता. तक्रार आहे ती निवडीमागच्या हेतूची. येथे विसंगती दिसते ती कानाला काही नवे ऐकवण्यासाठी योजलेली नाही. रेडिओवर त्या महिन्यात काय वाजत होते, त्याची ती उतरंड आहे. दुसऱ्या स्टेजची गोष्ट तर याहून रोखठोक होती. तेथील नव्या बँडच्या रेकॉर्ड कंपन्यांना जागेसाठी मोठी रक्कम मोजावी लागते, हे त्या काळात उघडपणे बोलले जात होते. अशी जागा विकली जाते तेव्हा जुळवाजुळवीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

याउलट १९९९ ची यादी पाहावी. सॅबाथ, रॉब झाँबी, डेफ्टोन्स, स्लेयर, प्रायमस, सिस्टम ऑफ अ डाउन, गॉडस्मॅक. प्रायमस आणि स्लेयर एकाच स्टेजवर म्हणजे कागदावर तरी विळ्याभोपळ्याचे सख्य: एकीकडे लेस क्लेपूल यांचे विदूषकी, वाकडेतिकडे चालणारे बास, दुसरीकडे तोंडावर चपराक मारावी तसे स्लेयर. पण दोघेही आपापल्या वाद्यांवर हुकमत असलेले, कोणाची नक्कल न करणारे बँड होते, आणि ज्याला एक आवडतो त्याला दुसऱ्याचा निदान आदर वाटतो. शिवाय बाहेर डांबरावर स्लिपनॉट होता, ज्याचा पहिला मोठा अल्बम त्या दौऱ्याच्या मधल्या दिवसांतच बाजारात आला. विजोडपणाने श्रोत्याला दिलेले खरे दान मला येथे दिसते.

२००५ साली आयर्न मेडन आणि ब्लॅक सॅबाथ एकत्र आले. यापेक्षा जुळणारी जोडी मेटलच्या इतिहासात शोधून सापडणार नाही, आणि नेमक्या याच जोडीचा शेवट सर्वांत वाईट झाला. मेडनचे गायक ब्रूस डिकिन्सन दौराभर स्टेजवरून दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांबद्दल टोमणे मारत होते, आणि ऑझबर्न कुटुंबाची तशी मालिका गाजलेली असल्याने रोख कोणाकडे होता हे सांगायला नको. २० ऑगस्ट रोजी कॅलिफोर्नियात मेडनच्या शेवटच्या कार्यक्रमात त्यांच्यावर अंडी फेकली गेली, ध्वनियंत्रणा वारंवार बंद पडली, आणि शॅरन यांनी स्वतः स्टेजवर येऊन डिकिन्सन यांना चार शब्द सुनावले. पुढे त्यांनी झाल्या प्रकाराचे समर्थनही केले. हजारो लोकांनी पैसे मोजलेला सेट यजमानांच्या रागापायी तुटतो, हा सेवेतील दोष आहे, मग डिकिन्सन यांच्या जिभेला हाड नव्हते हे मान्य केले तरी.

२००७ मध्ये तिकीट मोफत करण्यात आले आणि बहुतेक बँडना मानधन नव्हते. त्या यादीत युरोव्हिजन ही युरोपातील गीतस्पर्धा जिंकलेला फिनलंडचा लॉर्डी राक्षसांचे मुखवटे घालून मुख्य स्टेजवर होता, तर दुसरीकडे प्राचीन इजिप्तवर डेथ मेटल रचणारा नाइल आणि तैवानचा छथॉनिक. फुकट असल्यामुळे कोणी काही म्हटले नाही.

हा रोग ऑझफेस्टपुरता नव्हता, हेही नोंदवतो. २००८ ते २०१५ या काळात अमेरिकेत फिरलेल्या मेहेम फेस्टिव्हलने अखेरच्या वर्षी स्लेयरसोबत किंग डायमंड यांना आणले, ज्यांनी सैतानी श्रद्धा कधी लपवली नाही, आणि त्याच मुख्य स्टेजवर ख्रिस्ती मेटलकोर वाजवणारा द डेव्हिल वेअर्स प्राडा होता. यात चमत्कारिक संवादाची शक्यता होती. पण दोन्हींचे श्रोते वेगवेगळ्या पिढ्यांतले असल्याने ती शक्यता कागदावरच राहिली.

ऑझफेस्टच्या २००६ च्या दौऱ्यात मात्र एक गोष्ट अशी घडली, की जिच्यामुळे मी त्या वर्षाला यादी फारशी न आवडताही एक तारा अधिक देतो. १९९८ मध्ये दुसऱ्या स्टेजवर आलेले सिस्टम ऑफ अ डाउन त्या वर्षी मुख्य स्टेजवर शिरोभागी होते, आणि महोत्सवाचे धनी असलेले ऑझी काही गावी बाहेरच्या दुसऱ्या स्टेजवर, खुर्च्या नसलेल्या जागेत, सकाळपासून उभ्या असलेल्या पोरांपुढे गायले.