बॅटलफील्ड ३ : ब्राउझरमधून मॅचमध्ये शिरायचं, काही महिने खेळून झाल्यावर

पीसीवर बॅटलफील्ड ३ हा डाईस कंपनीचा युद्धाचा शूटर गेम चालू करायला गेलं की गेमचा मेनू येत नाही, ब्राउझर उघडतो. बॅटललॉग नावाच्या वेबसाइटवर यादीतून सर्व्हर निवडायचा, 'जॉइन'वर क्लिक करायचं, मग गेम सुरू होतो. मॅच सोडली की गेम पूर्ण बंद, आणि दुसरा सर्व्हर हवा असेल तर परत त्याच पानावर. एकट्याने खेळायची कॅम्पेनसुद्धा इथूनच सुरू होते. २०११ च्या सप्टेंबरअखेरीस ओपन बीटा आला तेव्हापासून खेळाडूंमध्ये यावरून दोन तट पडले. ऑक्टोबरमध्ये गेम आला, डिसेंबरमध्ये बॅक टू कारकंड, २०१२ च्या जूनमध्ये क्लोज क्वार्टर्स (दोन्ही नव्या मॅपचे विस्तार), तरी वाद काही मिटला नाही. मी रिलीजपासून जवळजवळ रोज खेळतोय. सर्व्हर शोधायची याहून चांगली सोय मी कुठल्याच शूटरमध्ये पाहिलेली नाही. लोकांचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या जागी निघतोय, असं मला मनापासून वाटतं.

पीसीवर एका मॅचमध्ये ६४ जण खेळू शकतात, कन्सोलवर २४ जण खेळू शकायचे. त्यामुळे पीसीवर कोणता सर्व्हर निवडता यावर सगळी संध्याकाळ ठरते. ६४ जणांचं ऑपरेशन मेट्रो, म्हणजे भुयारी स्टेशनमधला अरुंद मॅप, मला झेपत नाही. दोन्ही टीम स्टेशनच्या जिन्यांपाशी अडकतात, ग्रेनेडचा पाऊस पडतो आणि अर्धा अर्धा तास कोणी पुढे सरकत नाही. काहींना तेच आवडतं, त्यांनी जरूर खेळावं. मला कॅस्पियन बॉर्डर हा मोकळा मॅप हवा असतो, झेंडे काबीज करायच्या कॉन्क्वेस्ट मोडमध्ये, रणगाडे आणि जेट्ससकट. बॅटललॉगवर मॅप, मोड, खेळाडूंची संख्या, रिकाम्या जागा, हार्डकोर की नॉर्मल असं सगळं टिक करायचं, पिंगच्या (सर्व्हरला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळाच्या) कॉलमवर क्लिक करायचं, की जवळचे सर्व्हर वर येतात. एखाद्या सर्व्हरवर क्लिक केलं की आत्ता आत कोण कोण खेळतंय, यानंतर कोणता मॅप लागणार आहे, फ्रेंडली फायर चालू आहे का, किलकॅम (आपल्याला कोणी मारलं ते दाखवणारं दृश्य) आणि मिनीमॅप ठेवलेत का, हे आत शिरायच्या आधीच दिसतं. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर मालक आपल्या मर्जीने नियम बदलतात, तेव्हा या माहितीची किंमत कळते. आवडलेला सर्व्हर फेवरिट्समध्ये टाकला की दुसऱ्या दिवशी शोधाशोध नाही.

सर्व्हर भरलेला असला तर रांगेत लागता येतं. पानाच्या तळाशी असलेल्या पट्टीवर आपला नंबर दिसतो आणि तेवढ्या वेळात वरच्या पानावर हवं ते वाचत बसता येतं. आधीच्या राउंडचा बॅटल रिपोर्ट मी याच वेळात बघतो. कोणत्या बंदुकीने किती मारले, कोणती रिबन मिळाली, स्क्वॉडमधल्या कोणी किती रिव्हाइव्ह केले, सगळं तिथे असतं. मित्र ऑनलाइन दिसला तर त्याच्या नावाशेजारीच जॉइन करायची सोय आहे, तो ज्या सर्व्हरवर असेल तिथे थेट. हे सगळं वेबवर असल्यामुळे डाईसला गेमचा पॅच न काढता बॅटललॉगमध्ये बदल करता येत, आणि रिलीजनंतरच्या काही महिन्यांत ते पान खरोखर सुधारत गेलं.

आता विरोधकांचं म्हणणं. आमच्या स्क्वॉडमध्ये एक दादा आहेत, २००५ च्या बॅटलफील्ड २ पासून खेळणारे. त्यांचा मुद्दा सरळ आहे. "गेममधून बाहेर पडलो की मला गेमच्या मेनूत यायचंय, डेस्कटॉपवर नाही. डेस्कटॉप दिसला की माझ्यासाठी खेळ संपला." मी त्यांच्याशी यावर पुष्कळ भांडलोय, पण इथे त्यांचं म्हणणं पटतं. सर्व्हर बदलायचा म्हणजे अख्खा गेम बंद करून पुन्हा चालू करायचा, हे तीनदा केलं की चौथ्यांदा नको वाटतं. शिवाय ओरिजिन (ईएचं गेम चालू करायचं तेव्हाचं ॲप), ब्राउझर, त्यातलं प्लगइन, मग गेम, ही लांबलचक साखळी होती. त्यातली एक कडी निसटली तरी मॅच मिळत नसे, आणि कुठली निसटली ते शोधायला नवख्या माणसाला जड जायचं. ज्यांच्याकडे कमीत कमी लागते तेवढीच, म्हणजे २ जीबी मेमरी आहे, त्यांना मागे चालू राहणाऱ्या ब्राउझरचाही भार जाणवतो.

पण माझ्या मते मूळ दुखणं वेगळंच आहे. कॅम्पेन सोडली तर मल्टीप्लेअर मॅचच्या बाहेर गेम अस्तित्वातच नाही, त्यामुळे मॅचच्या आधी करायची सगळी कामं मॅचच्या आत करावी लागतात. ग्राफिक्सचं सेटिंग, माउसची सेन्सिटिव्हिटी, हेलिकॉप्टर उडवताना वर-खाली उलटं हवं की सुलटं, हे सगळं सर्व्हरवर शिरल्यानंतर एस्केप दाबून करायचं. बंदुकीला कोणती दुर्बीण लावायची, कोणतं स्पेशलायझेशन (जास्तीची क्षमता) घ्यायचं, तेही मॅचमधल्या डिप्लॉय स्क्रीनवरच, मैदानात उतरण्याआधी, ठरवायचं. तुम्ही हे करत बसलात की तुमची टीम तेवढा वेळ एक गडी कमी घेऊन लढते आणि तिकिटं (संपली की टीम हरते) उडत राहतात. म्हणून अनेकजण आधी रिकामा सर्व्हर शोधतात, तिथे निवांत कीबोर्डच्या कळा बदलतात, मग खऱ्या सर्व्हरवर येतात. खेळाडूंना अशी पळवाट काढावी लागते म्हणजे रचनेतच एक खोली बांधायची राहून गेलीय.

आवाजाचंही तेच. पीसीवर गेमच्या आत व्हॉइस चॅट नाही. बॅटललॉगवर पार्टी (मित्रांचा गट) केली तर मित्रांशी बोलता यायचं, आणि ते छान चालायचं. पण सर्व्हरवर ज्या तीन अनोळखी लोकांसोबत तुम्ही स्क्वॉडमध्ये पडता, त्यांना "इमारतीच्या मागे रणगाडा आहे" एवढं सांगायचं तरी टाइप करावं लागतं, आणि टाइप होईपर्यंत रणगाड्याने तुम्हाला उडवलेलं असतं. चौघांच्या स्क्वॉडवर सगळा खेळ उभा असलेल्या गेममध्ये ही उणीव मला सर्वांत जास्त टोचते.

ब्राउझर हवा की नको, असा प्रश्न विचारला की भांडण तिथेच अडकतं. सर्व्हरची यादी, आकडेवारी, मित्र हे सगळं वेबवरच राहू द्या, ते तिथेच शोभतं. मात्र सेटिंग्ज आणि लोडआउटसाठी (बंदूक-सामान निवडायला) गेमच्या आत एक साधा मेनू हवा आणि स्क्वॉडसाठी व्हॉइस हवा. कन्सोलवाल्यांना त्याच गेममध्ये आतला मेनू मिळालाच होता, म्हणजे अशक्य काही मागतोय असं नाही. आमचे दादाही एवढ्यावर राजी आहेत. त्यांना डेस्कटॉप दिसायला नको, बाकी सर्व्हर शोधायला बॅटललॉगच बरं, हे तेही कबूल करतात.

नव्याने घेणार असाल तर पहिल्या दिवशी थेट मॅचला जाऊ नका. आधी कॅम्पेन चालू करा आणि ग्राफिक्स व माउस तिथे मनासारखे करून घ्या. मग कॉन्क्वेस्टचा फिल्टर लावून पिंग कमी असलेले दोन-तीन सर्व्हर फेवरिट्समध्ये ठेवा. अगदी रिकामा घेऊ नका, सामना लागायला माणसं हवीत. आणि जे मित्र सोबत असतील त्यांची पार्टी जॉइनवर क्लिक करण्याआधी करा, म्हणजे सगळे एकाच सर्व्हरवर जाता.