ध्वनिलेखनासाठी फॉन्ट: डूलोस, चॅरिस, जेंटियम की नोटो?

वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो आणि झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’. या बोलींवर प्रबंध लिहिणाऱ्याचा अर्धा युक्तिवाद अशा एकेका ध्वनीवर उभा असतो आणि उच्चार जसाच्या तसा नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत तो ध्वनी बरेचदा एका आकडीने ओळखला जातो. ‘ण’साठी रोमन एनच्या उजव्या पायाला बाहेर वळलेली आकडी असते, ‘ङ’साठी तीच आकडी आत वळते आणि ‘ञ’साठी ती डाव्या पायाला लागते. पडद्यावर हे तिन्ही एन वेगळे दिसतातच. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरमधून निघालेल्या प्रतीच्या प्रतीतही ते वेगळे राहतात का, हे पाहून फॉन्ट निवडावा.

या कसोटीवर माझी पहिली पसंती एसआयएल या भाषाविषयक संस्थेच्या चॅरिस एसआयएलला आहे. त्याचा पाया असलेला चार्टर हा टाइप मॅथ्यू कार्टर यांनी १९८७ मध्ये कमी रिझोल्युशनच्या प्रिंटरांवरही अक्षर टिकावे या हेतूने घडवला होता. त्यामुळे रेषा भक्कम, लहान अक्षरांची उंची भरपूर आणि आकड्या ठसठशीत आहेत. साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका असे चारही प्रकार मिळत असल्याने शीर्षके, तक्ते आणि तळटिपा एकाच फॉन्टमध्ये बसतात. देवनागरीच्या जाड शिरोरेषेशेजारीही तो फिका पडत नाही. मराठी मजकूर चौदा पॉइंटांत असेल, तर चॅरिस बारामध्ये ठेवून पाहावा; दोन्ही लिप्या एका मापात ठेवण्याचा हट्ट धरू नये.

डूलोस एसआयएलचे वळण टाइम्ससारखे असल्यामुळे इंग्रजी शोधनिबंधात तो सहज मिसळतो. मात्र त्याचा एकच, साधा प्रकार उपलब्ध आहे. ठळक किंवा तिरका करा म्हटले की वर्ड स्वतःच अक्षर फुगवतो किंवा कलंडवतो आणि बारीक आकड्या त्यात बुजतात. अर्थात ध्वनिलेखन तिरक्या अक्षरांत करूच नये, मग फॉन्ट कोणताही असो: खऱ्या तिरक्या वळणात साधा ‘ए’ बहुधा एकमजली होतो आणि ध्वनिलिपीतील दुसऱ्या, मागच्या ‘आ’च्या चिन्हासारखा दिसू लागतो. ध्वनिलेखन वेगळे दाखवायला चौकटी कंस पुरेसे असतात.

जेंटियम वाचायला या सर्वांत देखणा आहे. सलग गद्य, पुस्तक, चांगला कागद आणि ऑफसेट छपाई असेल, तर मी तोच घेईन. झेरॉक्ससाठी त्याच्या रेषा मला नाजूक वाटतात. अँडिका हा एसआयएलचाच, साक्षरतेच्या साहित्यासाठी घडवलेला साधा, बिनटोकांचा फॉन्ट असून रोमन लिपीत वाचनपाठ करणाऱ्याला तो उपयोगी आहे. हे चारही फॉन्ट एसआयएलच्या खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात, पेन ड्राइव्हवर कोणालाही देता येतात आणि एकदा बसवले की इंटरनेट लागत नाही. गावात रेंज जाते-येते तिथे हा मुद्दा गौण नाही.

नोटो सेरिफ आणि नोटो सेरिफ देवनागरी ही जोडी गूगलच्या एकाच मालिकेतली असल्याने रोमन व मराठी अक्षरांचे वजन जुळवत बसावे लागत नाही. ध्वनिलेखन तुरळक असेल, तर ती सोयीची. ब्रिल हा फॉन्ट उत्तम आहे, पण तो फक्त बिगरव्यावसायिक कामासाठी मोफत आहे, म्हणजे प्रबंधाचे पुढे किंमत लावून पुस्तक काढायचे असेल, तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. टाइम्स न्यू रोमनमध्ये बहुतेक चिन्हे आहेत, मात्र जुन्या संगणकांवरील त्याच्या आवृत्तीत एकावर एक बसणारी चिन्हे घसरतात.

हे घसरणे तपासायला चार शब्द पुरतात. ‘चाक’मधला ‘च’ टी आणि एसवर कमान टाकून लिहावा. कमान दोन्ही अक्षरांच्या मधोमध बसली पाहिजे. ‘झाड’मधल्या महाप्राणाचे लहान चिन्ह ओळीत वर, पण अक्षराला न चिकटता यावे. ‘चिंच’मधला स्वर अनुनासिक म्हणून दाखवायचा झाल्यास आयवर नागमोडी रेघ देताना त्याचा टिंब आपोआप गेला पाहिजे. ‘गाव’साठी कीबोर्डवरचा जी आणि ध्वनिलिपीचा उघड्या शेपटीचा जी ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन वेगळी अक्षरे आहेत, दोन्ही मान्य आहेत, पण प्रबंधभर एकच वापरावे, नाहीतर शोध घेताना अर्धी उदाहरणे सापडत नाहीत. स्वराची दीर्घता दाखवताना विसर्गासारखा कोलन न टाकता दोन त्रिकोणांचे स्वतंत्र चिन्ह घ्यावे. टंकलेखनासाठी कीमॅन या प्रोग्रामचा मोफत ध्वनिलिपी कीबोर्ड सोयीचा आहे.

डीटीपीवाल्याकडे अजून पेजमेकर आणि जुने, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट असतील, तर तिथे ध्वनिचिन्हे पुन्हा बसवून घेण्याचा प्रयत्न करू नये, कारण पेजमेकर युनिकोड ओळखत नाही. लिबरऑफिस किंवा वर्डमधून आपणच पीडीएफ करावी, तिच्या गुणधर्मांत प्रत्येक फॉन्ट ‘एम्बेडेड’, म्हणजे फाइलमध्येच सामावलेला, दिसतो याची खात्री करावी आणि ‘ण’, ‘ङ’, ‘ञ’ची चिन्हे असलेले एक पान आधी छापून, त्याची झेरॉक्स काढून पाहावी.