एक्झॉस्ट ब्रेक : बावीस वर्षं वळणांच्या उतारावर वापरून

जुना ट्रक घेताना एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे उताराला इंजिनच्याच जोरावर गाडी धरणारा जादा ब्रेक, चालू आहे का, हे मी टायरच्याही आधी बघतो. का, ते सांगतो.

माझ्या पहिल्या गाडीला तो नव्हता. रस्ता डोंगरातला, दोन गाड्या जेमतेम निघतील एवढा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि लांबवर वस्ती नाही. रात्री समोरच्या गाडीचा उजेड आधी कड्यावर सरकताना दिसायचा, मग हॉर्न ऐकू यायचा, मग गाडी. चढाची मला कधी भीती वाटली नाही. चढावर फार तर मशीन, म्हणजे इंजिन, दमतं. उताराला मात्र उजवा पाय ब्रेकवरून उचलायची सोय नसायची. दहा-बारा वळणं झाली की लायनर, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, जळाल्याचा वास केबिनमध्ये शिरायचा आणि पेडल तेवढंच दाबूनही गाडी कमी धरायची. चाकाबरोबर फिरणारा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून दाबणाऱ्या शूला जास्त अंतर जावं लागतं, शिवाय तापलेल्या लायनरची पकड जाते. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, सारखं पेडल मारून ती हवाही उतरते.

एकदा फुल लोडमध्ये हवेचा काटा लालमध्ये गेला आणि बझर वाजायला लागला. पुढच्या रुंद जागेत कशीबशी गाडी उभी केली, उड्या मारून चाकांना दगड लावले. क्लीनर पोरगा पाण्याचा कॅन घेऊन ड्रमकडे धावला. त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रम तडकतो. दोघंही बराच वेळ दगडावर बसून होतो. बोललो नाही काही.

पुढची गाडी एक्झॉस्ट ब्रेकची मिळाली. रचना साधी आहे : सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक झडप. बटण दाबलं की ती बंद होते, डिझेलही थांबतं, आणि अडकलेल्या हवेविरुद्ध पिस्टनला जोर लावावा लागतो. म्हणजे मशीनच गाडीला धरून ठेवतं. त्याच उताराला पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा खालून घोगरा आवाज आला आणि गाडीचं पळणं बसलं. पायथ्याला उतरून ड्रमजवळ हात नेला. कोमट! मी सगळ्या चाकांजवळ हात नेऊन पाहिला, विश्वासच बसेना.

पण गिअर चुकला तर हा ब्रेक काही कामाचा नाही. वरच्या गिअरात, कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, तो जेमतेम धरतो. उस्ताद सांगायचे, "चढताना जो गिअर लागेल, उतरताना त्याच्या वर जायचं नाही." गिअर माथ्यावरच टाकायचा, कारण क्लच दाबला की हा ब्रेक सुटतो आणि लोडची गाडी त्या दोन क्षणांत पळ काढते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका.

उणिवाही आहेत. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर मी बटणाला हात लावत नाही. जोर फक्त मागच्या, ओढणाऱ्या चाकांवर येतो आणि वळणावर गाडीचं बूड सरकतं. माझ्या गाडीत तो लावल्यावर मागचे ब्रेक लाइट लागत नसत, त्यामुळे मागे कुणी असेल तर पेडलला हलका पाय लावायचो. सपाटीवर महिनोन् महिने वापरला नाही तर काजळीने झडप अडकते.

याहून ताकदीचा इंजिन ब्रेकही असतो, सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडून देणारा. त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. १९३१ मध्ये डिझेल इंजिनवाल्या कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स अमेरिकेतल्या काहोन खिंडीतून ट्रक उतरवत होते. ब्रेक धरेनात आणि खाली रुळांवरून मालगाडी जात होती. थोडक्यात वाचले. ती भीती त्यांनी डोक्यात ठेवली, तसा ब्रेक शोधून काढला, आणि १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने तो बाजारात आणला. वाचलं तेव्हा मला तो बझर आठवला.

तुमच्या रस्त्यात लांब उतार असेल तर एक्झॉस्ट ब्रेकवर पैसे घालाच. जुनी गाडी बघताना मशीन चालू ठेवून एकाला केबिनमध्ये बसवा आणि स्वतः खाली वाकून झडपेचा दांडा बघा. तो पूर्ण फिरून झटक्यात परत यायला हवा. अर्ध्यात अडकत असेल तर आधी तो मोकळा करून घ्या, मगच लोड भरा.