टेलिग्रामवरची 'यूएसडीटी पेमेंट एजंट' नोकरी: पाचपैकी एक तारा

भाचा सांगलीत डिप्लोमाला आहे. "मामा, जेन्युइन वाटतंय का बघा ना," म्हणत त्याने फोन पुढे केला. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, चष्मा लावून सगळी चॅट वाचून काढली. काम असं: तुमच्या खात्यात पैसे येतील, २ टक्के तुम्ही ठेवा, उरलेल्याचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेऊन आम्ही देऊ त्या क्रिप्टो वॉलेटच्या पत्त्यावर पाठवा. दिवसाला लाखाची उलाढाल, म्हणजे बसल्या जागी २ हजार.

एक तारा देतोय तो मांडणीला. मराठी शुद्ध, ऑफर लेटरवर शिक्का, खाली जीएसटी नंबर. आमच्या बँकेची पत्रंसुद्धा इतकी नीटनेटकी नसायची.

बाकीचे तारे पहिल्याच प्रश्नाला गेले. शिक्षण काय, अनुभव काय, काही नाही. "खातं किती जुनं? रोजची लिमिट किती? करंट असेल तर ४ टक्के देऊ." यांना माणूस नकोच आहे, खातं हवंय. करंट खात्यातून मोठ्या रकमा फिरल्या तरी चटकन डोळ्यांवर येत नाहीत, म्हणून त्याला भाव जास्त. मग एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप, आली, 'पेमेंट कन्फर्मेशन'च्या नावाखाली. ती टाकून एसएमएस वाचायची परवानगी द्यायची, की ओटीपी परस्पर त्यांच्याकडे.

यूएसडीटी पाठवायचा पत्ता 'टी'ने सुरू होणारा, म्हणजे ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कचा. इथेच सगळी मेख आहे. खात्यात येणारे पैसे कुणाला तरी फसवून आणलेले असतात. त्या फसलेल्या माणसाने लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तर पैसे ज्या बँकेत पोहोचले असतील तिथे अडवता येतात. एकदा त्याचे यूएसडीटी झाले की बँकेचा हात पोहोचत नाही. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, पण तोवर माल पुढे सरकलेला असतो. मागे राहतं ते मधलं खातं. केवायसी भाच्याची, आधार भाच्याचं, चोराचं नाव कागदावर कुठेच नाही. चोरीचा पैसा वाहून नेणाऱ्या अशा खात्याला पोलिस म्यूल खातं म्हणतात. तक्रार परराज्यात झाली तर खातं गोठवायचं पत्र तिथून येतं, आणि खेटे घालायचे पोराने. स्कॉलरशिपही त्याच खात्यात जमा होते, हे वेगळंच.

मी भाच्याला एक प्रश्न टाकायला लावला: पैसे कुणाच्या नावाने येणार? उत्तर आलं, "क्लायंट रोज वेगळे असतात, नाव बघू नका. बँकेने विचारलं तर मित्राने उसने परत केले म्हणा." कामावर घेण्याआधीच खोटं बोलायचं प्रशिक्षण! २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. यांच्या ऑफर लेटरमध्ये त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

जे स्वतःचे यूएसडीटी क्रिप्टो एक्स्चेंजच्या पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकतात, त्यांनीही पैसे पाठवणाऱ्याचं नाव एक्स्चेंजवरच्या त्याच्या केवायसीच्या नावाशी जुळतंय का ते बघावं. जुळत नसेल तर यूएसडीटी सोडू नयेत. २०२३ च्या मार्चपासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगचा कायदा लागू आहे, तिथे तक्रार तरी करता येते. टेलिग्रामवरच्या 'मॅनेजर सरां'ची कुठे करणार?

हँडलची माहिती आम्ही सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर टाकली. परवा भाच्याच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर तोच मजकूर नव्या नावाने आलाय, कमिशन आता ३ टक्के.