बीस्ट बॅरॅक्स: लेक आत, आम्ही बाहेर

मराठी मंडळाच्या गणपतीत भोजन समिती मी बरीच वर्षं सांभाळली आहे, त्यामुळे कुठेही गेले की आधी रांग बघते. कुठे तुंबते, कोण कोणावर खेकसतं, पाणी कुठे ठेवलंय. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत लेकीला सोडायला गेलो त्या आर-डेच्या दिवशी, म्हणजे नव्या कॅडेट्सना दाखल करून घेतात त्या दिवशी, 1200च्या आसपास मुलं आणि प्रत्येकामागे आई-बाप, आजी-आजोबा, कंटाळलेली धाकटी भावंडं असा लवाजमा होता. रांग एकदाही तुंबली नाही. निम्मे मार्क मी तिथेच देऊन टाकले.

उरलेल्या निम्म्यांबद्दल हे लिहितेय. सरळच सांगते, अकादमीची व्यवस्था चोख आहे. पैसे उकळतात ते बाहेरचे, पालकांच्या काळजीवर दुकान मांडून बसलेले.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेस्ट पॉइंट ही अमेरिकी लष्कराची अकादमी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला साधारण 50 मैलांवर, हडसन नदीच्या काठी, 1802 पासूनची. शिक्षण चार वर्षांचं, पण वर्ग सुरू व्हायच्या आधी भर उन्हाळ्यात सुमारे सहा आठवडे कॅडेट बेसिक ट्रेनिंग असतं. त्याला सगळे 'बीस्ट' म्हणतात. फी नाही, उलट कॅडेटला दरमहा थोडा भत्ता मिळतो. त्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षं लष्करात काढायची. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. वर बहुतेकांना आपल्या काँग्रेसमनचं किंवा सिनेटरचं नामांकन मिळवावं लागतं, त्याची धावपळ बारावीच्या आदल्या उन्हाळ्यापासूनच सुरू करावी. आमच्या ओळखीतल्या एका घरी हे सगळं एप्रिलमध्ये कळलं, तोवर गाडी निघून गेलेली.

आता आर-डे. ठरवून दिलेल्या वेळेला आयझेनहॉवर हॉलमध्ये हजर व्हायचं. आत बसवतात, एक कॅडेट समोर येऊन चार वाक्यं बोलतो आणि मग निरोप घ्यायला मिनिट-दीड मिनिट देतात. खरोखर तेवढंच. मुलं एका दाराने आत, आपण दुसऱ्या दाराने बाहेर. हे क्रूर आहे असं बऱ्याच आया म्हणताना ऐकलं. मला उलट वाटलं. आपल्याकडे निरोप म्हणजे आधी सोफ्यावर, मग दारात, मग जिन्यात, मग गाडीची काच खाली करून. रडू आवरायचं कोणी आणि किती वेळ? इथे घड्याळच निर्णय घेतं. लेकीने मिठी मारली, 'आई, बाबांची गोळी बघ,' म्हणाली आणि गेली. ह्यांनी चष्मा पुसला. संपलं.

त्यानंतर दिवसभर मुलांची डोकी भादरणं, लसी, कपडे, बूट, कवायत. मुलींचे केस कापत नाहीत, पण नियमात बसतील असे घट्ट बांधता आले पाहिजेत. आमच्या लेकबाईंनी जूनभर यूट्यूब बघून अंबाडा घालायची प्रॅक्टिस केली, तेलाच्या वेणीला मात्र ठाम नकार. प्रत्येकाला लाल पट्टा बांधलेल्या एका सीनियर कॅडेटसमोर जाऊन एक ठराविक वाक्य न चुकता म्हणायचं असतं. चुकलं की पुन्हा रांगेत. बोलायला एकूण चारच उत्तरं मिळतात: येस सर, नो सर, नो एक्सक्यूज सर, आणि सर आय डू नॉट अंडरस्टँड. समोर बाई असेल तर सरच्या जागी मॅम. घरी कपड्यांची घडी घालण्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत जाणारी मुलगी या चारांत कशी मावणार, हा माझा खरा प्रश्न होता.

पालकांना मध्ये वेळ बराच मिळतो. माहितीची सत्रं असतात, ती ऐका. ट्रॉफी पॉइंटवर जा, नदीचा देखावा तर आहेच, पण 1778 साली ब्रिटिशांची जहाजं अडवायला हडसनच्या पात्रात आडवी टाकलेल्या साखळीच्या कड्या तिथे ठेवल्यात. एकेक कडी दोन फुटांच्या वर. संध्याकाळी प्लेन नावाच्या मैदानावर शपथविधी. सकाळी जीन्समध्ये आत गेलेली पोरं पांढरा शर्ट आणि करड्या पँटमध्ये ओळीने बाहेर येतात आणि आपलं कोणतं ते आईलाही ओळखू येत नाही. शपथ झाली की ती तशीच चालत आत जातात. ॲनापोलिसला, नौदलाच्या अकादमीत, शपथेनंतर थोडा वेळ घरच्यांना भेटू देतात. इथे नाही. जेवणाचा डबा घेऊन भेटायच्या आशेने थांबू नका.

आमचे सासरे, अण्णा, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये घडलेले. त्यांना आम्ही मुद्दाम साताऱ्याहून बोलावून घेतलं होतं. सगळं शांतपणे बघून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, 'हे हात का नाही उचलत?' आपल्याकडे कवायतीत हात खांद्यापर्यंत जातो. अमेरिकनांचा पुढे नऊ इंच, मागे सहा. मी ते फोनवर शोधून दाखवलं. अण्णांना पटलेलं नाही.

आता बूट, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. अकादमी आधीच कळवते की ठरलेल्या प्रकारचे कोयोटी, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचे लष्करी बूट घ्या आणि घालून घालून पायाला बसवून आणा. अगदी रास्त सूचना. आम्ही एका ऑनलाइन दुकानातून घेतले, 'कॅडेट स्पेशल' म्हणून चढ्या भावाचे. बायकांचं माप म्हणून पाठवलेला जोड पुरुषांचाच, फक्त नंबर बदललेला. टाच आत नाचायची. दोन फेऱ्यांतच फोड. परत करायला गेलो तर 'वापरलेला आहे, घेणार नाही.' अहो, वापरायलाच तर घेतलाय! शेवटी दुसरा जोड दुकानात जाऊन, जाड मोजे घालून, चालून बघून घेतला. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर, म्हणजे आपल्या देशी बाजारात, महिनाभर ही मुलगी कुर्ता, लेगिंग आणि खाली लष्करी बूट अशी फिरली. मिठाईवाले काका रोज विचारायचे, 'बेटा, बर्फ पडणार आहे का?' बूट मार्च-एप्रिलमध्येच घ्या, मुलींनी मुलींचेच घ्या आणि ऑनलाइन मुळीच घेऊ नका.

दुसरी तक्रार, पत्रं पाठवणाऱ्या ॲपची. बीस्टमध्ये फोन जमा असतो, मधून एखाद्या वेळी काही मिनिटं बोलायला मिळतं. एरवी कागदी पत्र. मग फोनवर टाइप करा, आम्ही छापून पोचवतो, असं सांगणारी ॲप्स आहेत. आमच्या ॲपने पैसे दर पत्रामागे घेतले आणि तीन पत्रं एकाच दिवशी पोचवली, तीही उलट्या क्रमाने, त्यामुळे आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं आधी कळलं आणि होणार आहे हे नंतर. साधं पाकीट आणि टपालाचं तिकीट बरं. पत्त्यात कंपनी आणि प्लाटून, म्हणजे मुलाची लष्करी तुकडी आणि पोटतुकडी, बरोबर लिहा, बास. आणि चिवडा, चकली, लाडू यातलं काहीही पाठवू नका. बीस्टमध्ये घरचा खाऊ चालत नाही.

खाण्याचं म्हणाल तर तिच्या पत्रांचा निम्मा मजकूर तोच. वॉशिंग्टन हॉल या मेसमध्ये चार हजारांवर कॅडेट एका वेळी जेवतात. हे वाक्य मी भोजन समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तेव्हा तासभर कोणी काही बोललं नाही. नव्यांनी ताठ बसून, नजर ताटावर ठेवून, छोटे घास घ्यायचे. टेबलावर दूध किती उरलंय हे सांगायलासुद्धा गाईबद्दलचं एक लांबलचक विनोदी पाठांतर आहे, ते अडखळलं तर दूध राहिलं बाजूला. रानात गेल्यावर एमआरई, म्हणजे लष्कराची बंद पाकिटातली जेवणं. 24 प्रकार, त्यातले चार शाकाहारी. आमची अंड्यापलीकडे जात नाही, तेव्हा तिचं भविष्य कोणतं पाकीट वाट्याला येतं यावर. 'आज चीज टॉर्टेलिनी मिळालं. दिवस वसूल,' असं एक पूर्ण पत्र आहे. दुसऱ्यात गॅस चेंबर: मास्क काढून अश्रुधुरात उभं राहून बोलायचं. 'डोळे, नाक, तोंड, सगळे नळ एकदम सुटले. सर्दी मात्र गेली.' मला हे वाचून झोप आली नाही. अण्णा म्हणाले, पोरगी विनोद करतेय म्हणजे ठीक आहे.

एका गोष्टीसाठी मात्र मनापासून दाद द्यायची, ती म्हणजे फोटो. माजी कॅडेट्सची संघटना प्रशिक्षणाचे ढीगभर फोटो ऑनलाइन टाकते. सगळ्यांची हेल्मेटं एकसारखी, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला चिखल, त्यामुळे शोधणं हा पूर्णवेळ धंदा होतो. रायफल रेंजवरच्या एका फोटोत मी तिला फक्त डाव्या हाताच्या अंगठ्यावरून ओळखलं. लहानपणी विळीवर कापलेला, नख अजून तिरकं आहे. 'तुमच्या मुलाचे फोटो आम्ही शोधून देतो' म्हणणारे लोकही भेटतील, पैसे घेऊन. त्यांना तो अंगठा कसा कळणार?

शेवटी कॅम्प बकनर या अकादमीच्या रानातल्या सराव-तळावरून 12 मैल पाठीवर ओझं घेऊन चालत परत येतात, सोबत जुने पदवीधर चालतात, काही तर आजोबांच्या वयाचे. मग ऑगस्टात ए-डेला, म्हणजे नव्यांना रीतसर कॅडेट्समध्ये सामावून घेतात त्या दिवशी, संचलन, आणि त्यानंतर मुलं भेटतात. ती आली, उन्हाने रापलेली, गळ्याची हाडं वर आलेली, आणि उभ्या उभ्या सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. घडीचा विषय काढला तर पूर्वीसारखीच भांडली. चार उत्तरांचा नियम घरच्यांना लागू नाही म्हणे.

हॉटेलवाले आर-डे आणि ए-डेला दुप्पट-तिप्पट भाव लावतात. जर्सीत राहत असाल तर पहाटे घरूनच निघा, रस्ते रिकामे असतात. गेटवर प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघतात. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट घ्या, झेरॉक्स नाही, आणि व्हिजिटर सेंटरमधल्या पाससाठी तासभर हाताशी ठेवा.