नेट गेल्यावर निरोप कसा पोचवायचा: सिग्नल, ब्रायर की मेशटॅस्टिक?

तिन्ही ॲप ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि तिन्हींत मेसेज एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होतात. म्हणून लोक त्यांना एकाच पारड्यात तोलतात आणि मग चुकीचं ॲप गळ्यात पडतं. निवडण्याआधी एवढंच पाहा: नेट बंद पडलं तर निरोप कुठून जाणार?

रोजच्या वापराला सिग्नल घ्या, त्यात फार डोकं खाजवण्यासारखं काही नाही. कॉल, ग्रुप, फोटो, सगळं आहे. खातं उघडायला फोन नंबर द्यावाच लागतो. २०२४ पासून युजरनेम ठेवून तो नंबर समोरच्यापासून लपवता येतो, इतकंच. पण सगळी ये-जा सर्व्हरमधून. नेट गेलं की सिग्नल गप्प.

ब्रायर नेट असताना टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरून बोलतं, नसताना ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून थेट समोरच्या फोनशी. राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं. मात्र खासगी मेसेज तिसऱ्याच्या फोनवरून उड्या मारत पुढे जात नाही. तुम्ही दोघं एकमेकांच्या टप्प्यात हवेत. म्हणजे एका इमारतीपुरतं ठीक, गावभर नाही. पासवर्ड विसरलात तर खात्यावर पाणी सोडायचं. आणि गटात एक जरी आयफोनवाला असला तरी विषय संपला, कारण ब्रायर आयफोनवर चालतच नाही.

लांबचा पल्ला हवा तर मेशटॅस्टिक. इथे ॲप नुसतं तोंड, बोलतो तो लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओचा छोटा बोर्ड. तो वेगळा विकत घ्यायचा आणि ब्लूटूथने फोनला जोडायचा. मेसेज एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे, मूळ सेटिंगमध्ये तीन उड्यांपर्यंत जातो. आधी सेटिंगमध्ये रीजन, म्हणजे आपला प्रदेश, निवडा, नाहीतर बोर्ड काही पाठवतच नाही आणि तुम्ही बसाल अँटेना हलवत. मूळ चॅनेलची, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या गटाची, मेसेज उघडायची किल्ली जगजाहीर आहे, तेव्हा खासगी बोलायचं तर स्वतःचं चॅनेल बनवा.

आपल्याला बोचणारी गोष्ट निराळीच. एका मेसेजची मर्यादा साधारण २०० बाइटची आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्राही वेगळा मोजला जातो. ‘पोचलो’ एवढ्याला १५ बाइट, तोच शब्द रोमन लिपीत सहांत. लांबलचक खुशाली विसरा, तारेसारखं लिहा.

बोर्ड मात्र किमान दोन घ्या. एकटा रेडिओ बोलणार कोणाशी?